सल्लागार समितीची शिफारस इतिवृत्तातून निविदेत कशी न्यायची

महापालिकेच्या एखाद्या पर्यावरण सल्लागार समितीची जुनी इतिवृत्तं काढून वाचा. ‘सदस्यांनी सूचना केली’, ‘सविस्तर चर्चा झाली’, ‘सर्वानुमते शिफारस करण्यात आली’ ही वाक्यं पानोपानी सापडतात. त्या शिफारशीवर कुठल्या विभागाने, कधी, कोणत्या पैशांतून काय केलं हे मात्र शोधूनही मिळत नाही. समितीतले लोक अभ्यासू असतात, आपला वेळ खर्चून येतात. तरीही असं होतं, कारण समितीने मत दिलेलं असतं. पालिकेच्या टेबलांवरून पुढे सरकू शकेल असा कागद दिलेला नसतो.

हा कागद कसा तयार करायचा आणि कुठून कुठे न्यायचा, एवढ्यापुरताच हा लेख आहे. तो महाराष्ट्रातल्या महापालिकांना धरून लिहिला आहे. मुंबईचा कायदा १८८८चा आणि वेगळा आहे. बाकीच्या महापालिकांना महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ लागू होतो. पालिकेच्या कारभाराची खाली आलेली कलमं या १९४९च्या कायद्यातली आहेत. उदाहरण शेवटपर्यंत एकच घेतलं आहे: पदपथावरच्या झाडांच्या बुंध्याला खेटून ओतलेलं काँक्रीट. विषय मुद्दाम छोटा घेतला आहे.

१. आपली समिती कुठल्या कागदाने जन्माला आली ते पाहा

समितीच्या नावावरून काही कळत नाही. ‘उच्चस्तरीय’ हा शब्द असला तरी नाही. तिचे अधिकार तिच्या स्थापनेच्या कागदात असतात आणि तो कागद निम्म्या सदस्यांनी पाहिलेलाच नसतो.

वृक्ष प्राधिकरण हे १९७५च्या झाडांच्या संरक्षण व जतनाच्या अधिनियमाखाली येतं. ते नुसता सल्ला देत नाही, निर्णय घेतं: झाड तोडण्याची परवानगी, दर पाच वर्षांनी वृक्षगणना, पुनर्रोपण. २०२१च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं वा त्याहून जुनी झाडं वारसा वृक्ष म्हणून वेगळी धरली जातात. जैवविविधता व्यवस्थापन समिती जैविक विविधता अधिनियम, २००२ च्या कलम ४१ प्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेत असावी लागते. लोकजैवविविधता नोंदवही (परिसरातल्या जीवजातींची आणि त्यांच्याविषयीच्या स्थानिक ज्ञानाची नोंद) करणं हे तिचं मुख्य काम. प्रभाग समितीवर कलम २९अ प्रमाणे नगरसेवकांबरोबर स्वयंसेवी व वस्तीपातळीवरच्या संस्थांचे जास्तीत जास्त तीन सदस्य घेता येतात. ही तरतूद कितीतरी संस्थांच्या गावीही नसते.

उरलेल्या बहुतेक समित्या आयुक्तांच्या आदेशाने किंवा सभेच्या (म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या सर्वसाधारण सभेच्या) ठरावाने नेमलेल्या असतात. नदी, हवा, कचरा, हवामान कृती आराखडा असे त्यांचे विषय. त्यांना कायद्याचं पाठबळ नसतं. आदेश काढणारे आयुक्त बदलून गेले की पुढची बैठक कधी होणार हे कोणी सांगू शकत नाही.

*तपासणी:* स्थापनेच्या आदेशाची प्रत हातात आहे का? त्यात चार गोष्टी शोधा. समितीचा सचिव कोण, बैठक किती महिन्यांनी, मुदत किती आणि शिफारस कोणाकडे सादर करायची. शेवटची ओळ नसेल तर पहिल्याच बैठकीत ती घालून घ्या. अध्यक्ष कोण यापेक्षा सदस्य-सचिव कोण हे महत्त्वाचं, कारण इतिवृत्त तो लिहितो आणि फाईल तो उघडतो.

*सावधान:* सदस्यांपैकी कोणी त्याच विषयात पालिकेचं सल्लागाराचं काम घेणार असेल, किंवा त्याच्या फर्मला ते मिळू शकत असेल, तर त्याने ते सुरुवातीलाच लेखी सांगावं आणि त्या विषयाच्या चर्चेत बसू नये. हे राहून गेलं आणि पुढे उघड झालं, तर समितीची चांगली शिफारसही त्याच कारणाने बाजूला पडते.

२. ‘हा निर्णय नक्की कोण घेतं?’ याचं एका ओळीत उत्तर लिहा

इथे सगळ्यात जास्त शिफारशी अडतात. कारखान्याच्या धुराबद्दल पालिकेला शिफारस करतात. तो विषय महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचा. नदीची पूररेषा जलसंपदा विभाग आखतो. वाहतूक वळवणं पोलिसांकडे. अशा शिफारशीवर ‘संबंधित विभागास कळवावे’ असा शेरा पडतो आणि पत्र जावक होतं. नंतर विचारणारं कोणी नसतं.

पालिकेचा अधिकार कुठे आहे हे ठरवायला राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीतली आठवी नोंद उपयोगी पडते: नागरी वनीकरण, पर्यावरणाचं संरक्षण आणि पारिस्थितिकीय बाबींना चालना. अधिनियमात कलम ६३ मध्ये पालिकेची बंधनकारक कामं आहेत आणि कलम ६६ मध्ये ऐच्छिक. तुमचा विषय ६३ मध्ये बसवता आला तर ‘निधी उपलब्ध नाही’ हे उत्तर देणं अवघड जातं.

आता पालिकेच्या आत. आपल्या उदाहरणात झाड उद्यान विभागाचं, पदपथ पथ विभागाचा, पदपथ उखडणारी केबल तिसऱ्याच विभागाच्या परवानगीने टाकलेली. समितीचा सचिव बहुधा उद्यान किंवा पर्यावरण विभागाचा असतो, म्हणून शिफारसही उद्यान विभागाला उद्देशून लिहिली जाते. उद्यान विभाग पथ विभागाला पत्र लिहितो, पथ विभाग उत्तर देत नाही, आणि वर्षभराने दोघेही खरंच सांगतात की आम्ही आमचं काम केलं. काँक्रीट पथ विभागाचा ठेकेदार ओततो. तेव्हा शिफारस पथ विभागाला उद्देशूनच लिहायला हवी.

त्यानंतर कागदाचा प्रकार ठरवा. पालिकेत ‘धोरण’ पाच-सहा रूपांत येतं: आयुक्तांचं परिपत्रक, निविदेतली अट, अंदाजपत्रकातली तरतूद, सभेचा ठराव, विकास नियंत्रण नियमातला बदल, उपविधी (पालिकेने कायद्याखाली केलेले नियम). लोक थेट शेवटच्या टोकाला जातात. उपविधीला सभेची मान्यता आणि वर राज्य शासनाची मंजुरी लागते. त्यात वर्षं जाऊ शकतात. खासगी माणसाला दंड करायचा असेल तर तो रस्ता टाळता येत नाही. पण पालिकेच्याच ठेकेदाराला काँक्रीट ओतण्यापासून थांबवायचं असेल तर निविदेतली एक अट पुरते.

*तपासणी:* विषय, विभाग, निर्णय घेणारा अधिकारी वा समिती आणि कागदाचा प्रकार या चार गोष्टी एका ओळीत मावतात का? मावत नसतील तर विषय अजून मोठा आहे. तो फोडा.

३. पालिकेच्याच आकड्यांवर उभे राहा

बाहेरच्या अभ्यासाला अधिकारी मान डोलावतात. स्वतःच्या विभागाच्या कागदाला मात्र त्यांना उत्तर द्यावं लागतं.

पहिला कागद पर्यावरण सद्यस्थिती अहवाल. कलम ६७अ प्रमाणे आयुक्तांनी तो दरवर्षी ३१ जुलैपूर्वी सभेपुढे ठेवायचा असतो. मागच्या तीन वर्षांचे अहवाल शेजारी ठेवून वाचा. एखादा परिच्छेद वर्षानुवर्षं शब्दाशब्दाने तोच आढळेल. त्या विषयावर त्या काळात काही झालेलं नाही याचा तो पुरावा समजा. दुसरा वृक्षगणनेचा तपशील. तिसरा राज्य शासनाच्या माझी वसुंधरा अभियानात पालिकेने भरलेली माहिती. २०२० मध्ये सुरू झालेल्या या अभियानात भूमी, वायू, जल, अग्नी, आकाश अशा पाच घटकांवर शहरांना गुण मिळतात आणि गुणांची प्रशासनाला फार काळजी असते. तुमच्या शिफारशीने एखादा गुण वाढत असेल तर ते ठळक लिहा. शहर राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत असेल, तर त्या निधीचा खर्च कशावर झाला आणि किती शिल्लक आहे हा चौथा कागद.

जे प्रसिद्ध केलेलं नाही ते माहिती अधिकारात मागा. शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत हवा. तीन विषय एका अर्जात कोंबले तर परत येण्याचीच शक्यता जास्त. ‘झाडांभोवतीच्या काँक्रीटबाबत काय केले?’ असं विचारू नका. ‘गेल्या आर्थिक वर्षातील पदपथांच्या कामांच्या निविदांमधील तांत्रिक अटींच्या प्रती’ मागा. पहिल्या प्रश्नाला निबंध मिळतो, दुसऱ्याला कागद.

मग रस्त्यावर जा. दोन-तीन रस्ते पुरतात, पण नोंद नीट हवी: झाडाची जात, बुंध्याचा घेर, खोडापासून काँक्रीटपर्यंतचं अंतर सेंटीमीटरमध्ये, पदपथाची एकूण रुंदी, समोरच्या इमारतीची खूण, छायाचित्रात टेप दिसेल असा फोटो. टेप नसलेला फोटो म्हणजे तक्रार, टेप असलेला फोटो म्हणजे मोजमाप. ज्या रस्त्याचं काम गेल्या वर्षभरात झालं आहे तोच निवडा, कारण तिथे ठेकेदार अजून दोषदायित्वाच्या काळात (कामातले दोष स्वखर्चाने दुरुस्त करून देण्याच्या मुदतीत) असतो आणि अभियंताही बदललेला नसतो.

*सावधान:* शहरभराचं सर्वेक्षण हाती घेऊ नका. ते संपेपर्यंत अंदाजपत्रक होऊन जातं.

४. तारखा उलट्या मोजा

पालिकेचं आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. आयुक्त अंदाजपत्रकाचा मसुदा साधारण जानेवारी-फेब्रुवारीत स्थायी समितीपुढे (खर्चाचे विषय पाहणाऱ्या नगरसेवकांच्या समितीपुढे) ठेवतात, तिथून तो सभेपुढे जातो. विभागांकडून मागण्या गोळा होतात त्याच्या कितीतरी आधी, दिवाळीच्या आगेमागे. विभागाच्या मागणीत तुमची ओळ नसेल तर फेब्रुवारीत स्थायी समितीच्या दारात उभं राहून काही मिळत नाही. मिळालंच तर दुसऱ्या कामाचे पैसे वळवून मिळतं आणि तो ठराव टिकेल याची खात्री नसते.

म्हणून हिशेब असा बसतो: पावसाळ्यात पाहणी आणि कागद, जुलैअखेर सद्यस्थिती अहवाल आला की त्याचा आधार, ऑगस्ट-सप्टेंबरात समितीची शिफारस, ऑक्टोबरात विभागाच्या मागणीत नोंद. पुण्यात २००६-०७ पासून नागरिकांना क्षेत्रीय कार्यालयामार्फत अंदाजपत्रकात कामं सुचवता येतात; त्याचेही अर्ज पावसाळा सरतानाच घेतले जातात. एखाद्या रस्त्यापुरतं काम करून दाखवायचं असेल तर तो वेगळा रस्ता उपलब्ध आहे.

निविदेतल्या अटीचं वेळापत्रक याहून निराळं. रस्त्यांची कामं पावसाळा संपल्यावर सुरू होतात, पण त्यांची पूर्वगणनपत्रकं (कामाच्या अंदाजित खर्चाचे तक्ते) आधीच झालेली असतात. अट पूर्वगणनपत्रकापूर्वी पोहोचली पाहिजे. मार्चअखेरीला बिलं काढण्याची घाई असते तेव्हा नव्या अटीचं नावही कोणी ऐकून घेत नाही.

आचारसंहितेचा काळ कॅलेंडरवर आधीच लाल करून ठेवा. त्या काळात धोरणात्मक निर्णय होत नाहीत, मात्र पाहणी आणि माहिती अधिकार चालू ठेवता येतात.

५. शिफारस लिहिणे

बहुतेक समित्या इथे पंधरा मिनिटं देतात. निम्मा वेळ इथे द्यायला हवा.

नेहमी दिसणारी शिफारस अशी असते:

‘शहरातील वृक्षांचे संवर्धन व्हावे यासाठी झाडांभोवतीचे काँक्रीट काढण्याबाबत संबंधित विभागांनी समन्वयाने योग्य ती कार्यवाही करावी.’

यात चूक शोधायला गेलं तर सापडत नाही, म्हणूनच ती सर्वानुमते मंजूर होते. ‘संबंधित’, ‘समन्वयाने’, ‘योग्य ती’ हे तीन शब्द आले की कामाला मालक उरत नाही. आता हीच शिफारस अशी:

‘पथ विभागाने १ एप्रिलनंतर प्रसिद्ध होणाऱ्या पदपथ व रस्ते कामांच्या प्रत्येक निविदेत पुढील अट समाविष्ट करावी: झाडाच्या बुंध्यापासून सर्व बाजूंना किमान एक मीटर जागा काँक्रीट, डांबर वा फरशीविना मोकळी ठेवावी. त्यामुळे चालण्यासाठी १.८ मीटर रुंदी उरत नसेल तेथे मोकळ्या जागेवर पाणी झिरपू देणारी, काढता येणारी जाळी बसवावी. क्षेत्रीय उद्यान निरीक्षकाच्या स्थळपाहणीचा अहवाल व मोजपट्टीसह छायाचित्रे जोडल्याशिवाय कोणतेही चालू वा अंतिम देयक अदा करू नये.’

यातला एकेक तुकडा कशासाठी आहे ते सांगतो.

‘पथ विभागाने’ म्हटल्यावर जबाबदारी एकावर येते. तारीख घातल्यावर जुन्या कामांबद्दल वाद उरत नाही. अभियंत्याला आपण कालपर्यंत चुकीचे होतो हे कबूल करावं लागत नाही, आणि हा मुद्दा दिसतो त्याहून मोठा आहे. एक मीटरचा आकडा हवेतून आणलेला नाही: राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०१३ मध्ये दिल्लीच्या एका प्रकरणात झाडांभोवती एक मीटरच्या आतलं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. तो आदेश दिल्लीचा आहे, तुमच्या पालिकेवर थेट बंधनकारक आहे असं लिहू नका. ‘आधारभूत प्रमाण म्हणून’ लिहा. विधी विभागाने एक अतिशयोक्ती पकडली की उरलेला कागदही संशयाने वाचला जातो.

१.८ मीटरचं वाक्य हे येणाऱ्या हरकतीचं उत्तर आहे. पथ विभागाचा अभियंता पहिल्याच बैठकीत म्हणणार की झाडाला जागा सोडली तर माणसांनी चालायचं कुठे. भारतीय रस्ते काँग्रेसच्या पादचारी सुविधांच्या मार्गदर्शक सूचनांत चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी सांगितली आहे आणि व्हीलचेअर वापरणाऱ्यांचा मुद्दाही खरा आहे. तो आक्षेप शिफारशीतच सोडवून ठेवला की बैठक पुढे सरकते. त्याने मांडल्यावर सुचवलं, तर विषय ‘फेरअभ्यासासाठी’ परत येतो.

शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. ठेकेदाराचे पैसे जिथे अडतात तिथेच अट पाळली जाते. फक्त ‘अंतिम देयक’ लिहिलं तर नव्वद टक्के रक्कम आधीच गेलेली असते. म्हणून ‘चालू वा अंतिम’.

आता दुसरी गोष्ट: नव्या कामांची शिफारस आणि जुनं काँक्रीट फोडण्याची शिफारस एका ठरावात घालू नका. नव्या कामात जागा सोडायला जवळपास काही खर्च नाही, उलट थोडं काँक्रीट वाचतं. जुनं फोडायला पैसे लागतात, दरसूचीप्रमाणे पूर्वगणनपत्रक लागतं, आणि ब्रेकर लावला तर मुळं तुटतात म्हणून बुंध्याजवळ छिन्नी-हातोड्याने काम करून घेण्याची अट लागते. दोन्ही एकत्र ठेवलं की बिनपैशाची शिफारस पैशाच्या शिफारशीबरोबर वर्षभर अडकते. दोन स्वतंत्र शिफारशी करा, दोन क्रमांक द्या. पैशाच्या शिफारशीखाली कोणत्या लेखाशीर्षातून (अंदाजपत्रकातल्या कोणत्या खर्चाच्या सदरातून) खर्च करता येईल ते लिहा. लेखाशीर्ष शोधायला मागच्या वर्षीचं अंदाजपत्रक काढून उद्यान आणि पथ विभागांची पानं पाहिली तरी पुरतं. वर्षअखेर खर्च न झालेली रक्कम कुठे होती हेही त्यात कळतं.

*तपासणी:* शिफारस एखाद्या कनिष्ठ अभियंत्याला वाचायला द्या आणि विचारा, ‘उद्या सकाळी यावरून तुम्ही काय कराल?’ त्याचं उत्तर आणि तुमच्या मनातलं उत्तर जुळलं नाही तर वाक्य बदला.

६. बैठक आणि इतिवृत्त

विषय कार्यपत्रिकेवर यायला हवा. ‘आयत्या वेळचे विषय’ या शेवटच्या कलमात घुसवलेली शिफारस मंजूर होते खरी, पण नंतर कोणी आक्षेप घेतला की सदस्यांना पूर्वसूचना नव्हती हे कारण आयतं मिळतं. सदस्य-सचिवाला बैठकीच्या किमान दहा-बारा दिवस आधी शिफारशीचा मसुदा द्या आणि आवक क्रमांकासह पोहोच घ्या. ई-मेलही पाठवा, पण पोहोच कागदावर हवी.

बैठकीआधी पथ विभागाच्या अधिकाऱ्याला भेटा. त्याला बैठकीत सगळ्यांसमोर पहिल्यांदा कळलं की तो विरोध करणारच. त्याच्या जागी कोणीही करेल. आधी भेटलात तर तोच शब्द सुचवतो. ‘निविदेत’ऐवजी ‘निविदेच्या तांत्रिक विनिर्देशात’ असा बदल तो करेल, आणि तो बदल घ्यावा.

बैठकीत बोलण्यापेक्षा इतिवृत्तात काय उतरतं याकडे लक्ष असू द्या. कार्यालयीन इतिवृत्तात ‘शिफारस करण्यात आली’ आणि ‘सदस्यांनी मत व्यक्त केले’ यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. मंजूर शिफारस शब्दशः आली पाहिजे, सारांशाने नाही. त्यासाठी सोपा उपाय असा की छापील शिफारस अध्यक्षांसमोर ठेवून त्यावरच ‘मान्य’ आणि सही घ्यावी आणि ती परिशिष्ट म्हणून जोडायला सांगावी. कच्चं इतिवृत्त आठवड्याभरात मागा. दुरुस्ती असेल तर लेखी कळवा. पुढच्या बैठकीत ‘मागील इतिवृत्त कायम करणे’ हा पहिला विषय असतो. तिथे गप्प बसलात की जे छापलं तेच घडलं असं ठरतं.

*सावधान:* मतभेद असेल तर तो लपवून ‘सर्वानुमते’ लिहू नका. विरोधी मत एका वाक्यात नोंदवा. तो सदस्य नंतर वर्तमानपत्रात बोलला तर आधीची नोंद तुमच्या कामाला येते.

७. समितीबाहेरचा प्रवास

समितीने मान्य केलं म्हणजे फाईल सुरू झाली, एवढंच. इथून ती टिपणीच्या रूपाने विभागप्रमुख, मग अतिरिक्त आयुक्त, लागलं तर लेखा आणि विधी विभाग, मग आयुक्त अशी जाते. निविदेची अट परिपत्रकाने घालायची असेल तर फाईलचा प्रवास आयुक्तांच्या सहीवरच संपू शकतो आणि तिथेच संपलेला बरा. धोरणात्मक ठराव हवा असेल किंवा पैसा लागत असेल तर विषयपत्र (निर्णयासाठीचा लेखी प्रस्ताव) स्थायी समितीकडे वा सभेकडे जातं.

सभेत नगरसेवकाच्या प्रस्तावाने विषय न्यायचा असेल तर सूचक आणि अनुमोदक वेगवेगळ्या पक्षांचे मिळतात का पाहा. त्यांना लेखाची नव्हे, दोन मिनिटांत वाचता येईल अशा एका पानाची गरज असते: त्यांच्या प्रभागातल्या रस्त्याचं नाव, दोन फोटो, मागणी एका वाक्यात. त्यांनी पदपथावर पेव्हर ब्लॉक बसवून घेतले असतील आणि त्यांच्या नावाची पाटीही लागलेली असेल. त्या पाटीसमोरच्या झाडाचा फोटो घेऊ नका.

शेऱ्यांची भाषा ओळखायला शिका. ‘अभिप्रायासाठी’ म्हणजे फाईल जिवंत आहे, विभागाकडे पाठपुरावा करा. ‘एक महिना पुढे’ म्हणजे कोणाचा तरी आक्षेप आहे आणि तो उघड बोलायचा नाही. कोणाचा ते शोधा. ‘दप्तरी दाखल’ म्हणजे विषय संपला. या शेऱ्यावर समाधान मानून ‘आपली शिफारस दाखल झाली’ असं समितीच्या अहवालात लिहिलेलं मी वाचलं आहे.

ठराव झाला तरी तो कलम ४५१ खाली राज्य शासन निलंबित करू शकतं. झाडांभोवतीच्या काँक्रीटवर ही वेळ येत नाही. विकास हक्क किंवा मोठ्या रस्त्याच्या आड येणाऱ्या ठरावांवर येते. तशा विषयात ठरावाला कायद्याचा आधार पहिल्याच परिच्छेदात लिहून ठेवा.

जुना ठराव शोधत असाल तर एक लक्षात घ्या. २०२०-२२ नंतर काही वर्षं राज्यातल्या बहुतेक महापालिकांत निवडून आलेलं सभागृह नव्हतं, प्रशासक होते, आणि स्थायी समिती व सभा या दोन्हींचे ठराव एकाच सहीने झाले. ते ठराव वेगळ्या क्रमांकाने असतात. नगरसचिव कार्यालयात ‘प्रशासकीय ठराव’ म्हणून विचारा.

८. परिपत्रक निघाल्यावर

इथे बहुतेक जण पेढे वाटून घरी जातात. काम मात्र तीन ठिकाणी तपासायचं राहिलेलं असतं.

पहिलं: परिपत्रक क्षेत्रीय कार्यालयांत पोहोचलं का? मुख्य इमारतीत निघालेला कागद क्षेत्रीय कार्यालयातल्या कनिष्ठ अभियंत्याने पाहिलेला नसणं ही रोजची गोष्ट आहे. छोट्या पदपथांच्या निविदा तिथूनच निघतात. प्रत घेऊन स्वतः जा.

दुसरं: पालिकेच्या निविदा संकेतस्थळावर परिपत्रकानंतरच्या पहिल्या पाच-सहा पदपथ निविदा उतरवून घ्या आणि तांत्रिक अटींत ते वाक्य शोधा. जुन्या निविदेची प्रत उघडून रक्कम आणि नाव बदलणं ही कामाची पद्धत असल्याने नवी अट राहून जाते. यात बहुतेकदा कट नसतो, सवय असते. राहिली असेल तर निविदा उघडण्यापूर्वी शुद्धिपत्रक काढता येतं. उघडल्यानंतर मागणी केली तर ठेकेदार जादा दर मागतो आणि त्याचंही चुकत नाही.

तिसरं: पहिलं देयक. काम झालेल्या पहिल्या रस्त्यावर मोजमाप पुस्तिकेची (झालेल्या कामाची मापं नोंदवलेल्या वहीची) प्रत आणि उद्यान निरीक्षकाचा स्थळपाहणी अहवाल मागा. अहवालाची तारीख देयकानंतरची असेल तर अट कागदावरच राहिली. ही एक प्रत पुढच्या बैठकीत ठेवली की दहा भाषणांचं काम होतं. निरीक्षकावर रोष नको. एका निरीक्षकाकडे किती रस्ते आहेत ते आधी विचारा. गरज पडली तर ‘उद्यान निरीक्षक वा प्राधिकृत उद्यान सहायक’ असा बदल सुचवा.

समितीची मुदत संपायला आली की सगळ्या शिफारशींचा एक तक्ता करून सदस्य-सचिवाकडे आवक क्रमांकासह द्या: शिफारस क्रमांक, बैठकीची तारीख, विभाग, सध्या फाईल कोणाकडे, शेवटचा शेरा, तपासलेल्या निविदांचे क्रमांक. दुसरी प्रत आपल्याजवळ ठेवा. नव्या समितीच्या पहिल्या बैठकीच्या कार्यपत्रिकेत ‘मागील समितीच्या शिफारशींवरील कार्यवाही’ हा विषय घालण्याची मागणीही त्याच पत्रात करा. स्थापनेच्या नव्या आदेशावर सही होण्याआधी हे पत्र पोहोचलं पाहिजे, कारण समितीची कार्यकक्षा त्या आदेशात लिहिली जाते.